आईची जास्तीची मेणबत्ती, मूळ पाप आणि बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ

बावखल
बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज शेवटी बसले. मी वसईची, कॅथलिक. आई मे महिन्यात गेली, ८४ वर्षांची होती, फार त्रास न होता गेली, त्याबद्दल देवाचे आभार. पण तिच्या मागे एक गोष्ट माझ्या हातात राहिलीये आणि ती खाली ठेवता येत नाहीये.

आमच्याकडे २ नोव्हेंबर म्हणजे सगळ्या मृतांचा दिवस. संध्याकाळी अख्खं गाव सिमेंटरीत असतं. आठ दिवस आधीपासून कबरी घासायच्या, गवत काढायचं, चुना मारायचा, मग झेंडूच्या माळा नि मेणबत्त्या, मिस्सा (चर्चची उपासना) झाली की फादर एकेका रांगेतून पवित्र पाणी शिंपडत जातात. आई घरून निघताना मेणबत्त्या मोजून पिशवीत टाकायची. आजोबांची, आजीची, मोठ्या काकांची, नंतर बाबांची. आणि एक जास्तीची. सगळं आटपलं की ती एकटीच मागच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, जायची आणि ती एक मेणबत्ती गडग्याच्या दगडावर लावून यायची, वारा असेल तर हाताचा आडोसा करून बराच वेळ तिथेच उभी. लहानपणी आम्ही विचारलं तर म्हणायची, ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी. आम्हाला ते पटलं होतं.

ती गेल्यावर तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक चिठ्ठी सापडली. नुसती तारीख, १९ ऑगस्ट १९६८, आणि पुढे 'पहाटे'. मावशीला दाखवली तर ती आधी काही बोलेचना, मग सांगितलं. माझ्या आधी एक मुलगा झाला होता. घरीच, सुईणीच्या हातावर, धो धो पाऊस, रस्ता पाण्याखाली. चार तास जगला. फादरना आणायला जायला जमलं नाही, घाबरलेल्या घरात कुणाला काही सुचलं नाही, स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, राहिला. आणि स्नानसंस्कार नाही म्हणून सिमेंटरीत जागा नाही. बाबांनी त्याला टॉवेलात गुंडाळून नेलं आणि गडग्याच्या पलीकडे पुरलं. नाव ठेवलं नव्हतं. आजीने तेव्हा आईला सांगितलं होतं की बाळ लिम्बोत आहे, त्याला त्रास नाही पण देव दिसणार नाही, आणि तूही त्याला परत बघणार नाहीस. पंचावन्न वर्षं आईने हे वाक्य घेऊन काढली आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही.

त्यात ऑफिसमधला एक सहकारी भेटायला आला होता, चांगला मुलगा आहे, त्याने अगदी साधेपणाने विचारलं, तुमच्यात माणूस जन्मतःच पापी असतो ना, मग लहान बाळ पण का? दहा वर्षं रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसलेली मी, मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वाचतेय. जे कळलं ते थोडं लिहीन, पण मला इथल्या लोकांकडून ऐकायचंय. आपला धर्म माणसाबद्दल नेमकं काय म्हणतो, आणि ते बाळ कुठे आहे?

नगरकर
ताई, वाचून गलबललो. आईंना प्रभूच्या ठायी विसावा असो.

मी नगरचा, आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं, मिशन नगरला १८३१ ला आलं. आम्ही प्रॉटेस्टंट, त्यामुळे लिम्बो आमच्याकडे मुळातच नाही. पण तुमच्या प्रश्नाला शास्त्रात एक जागा आहे जी माझ्या आजोबांनी मला दाखवली होती, माझी बहीण तान्ही असताना गेली तेव्हा. दुसरे शमुवेल, अध्याय १२. दावीदाचं बाळ आजारी पडतं, तो जमिनीवर पडून उपास करतो, बाळ जातं. मग तो उठून अंघोळ करतो, जेवतो, चाकर चकित होतात. तो म्हणतो, आता मी त्याला परत आणू शकत नाही, मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे येणार नाही.

आता नीट बघा, ते बाळ कितव्या दिवशी गेलं? सातव्या. आणि यहुदी मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. म्हणजे देवाशी असलेल्या कराराची जी खूण अंगावर व्हायला हवी ती त्या बाळाची झालीच नव्हती, एक दिवस आधी गेलं. आणि तरी बाप म्हणतो मी त्याच्याकडे जाईन. माझे आजोबा म्हणायचे, पवित्र शास्त्राने तो दिवसाचा आकडा उगाच लिहून ठेवलेला नाही.

सरळ_प्रश्न
मी हिंदू आहे, वादासाठी नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारतो, कुणाला लागलं तर आधीच माफी. आमच्याकडे गीतेत जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा शरीर बदलतो. म्हणजे चार तास जगलेलं बाळ असेल तर पुढचा प्रवास आहे, मामला संपला नाही. तुमच्यात एकच जन्म. मग चार तासांच्या जन्मावर कायमचा निकाल? आणि आत्माच जर स्वर्गात जातो तर पुरायचं कशाला, कबर कशाला, शरीर तर मातीच ना?

बावखल
@सरळ_प्रश्न, माफी कसली, हाच प्रश्न मला पण होता. आणि गंमत म्हणजे मी स्वतः चाळीस वर्षं असंच समजत होते की मेल्यावर आत्मा वर जातो आणि खेळ खलास. पण दर रविवारी आम्ही विश्वासांगीकार म्हणतो त्यात काय म्हणतो? 'शरीराचे पुनरुत्थान'. आत्म्याचं अमरत्व असं तिथे म्हणतच नाही. तोंडपाठ असल्यामुळे कधी ऐकलंच नव्हतं.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, देव मातीचा माणूस घडवतो आणि नाकात श्वास फुंकतो. हिब्रूत माणूस आदाम आणि माती अदामा, एकाच शब्दाची दोन रूपं. मातीत आत्मा कोंडून ठेवला असं तिथे नाहीये, माती आणि श्वास मिळून जे झालं तेच माणूस. वस्त्राची उपमा इथे बसत नाही एवढंच, ती कमी की जास्त हे मी म्हणत नाही. शरीर हे माझं वस्त्र नाही, मीच आहे. म्हणून येशू उठला तेव्हा हातावरच्या खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या आणि शिष्यांना भूत वाटू नये म्हणून त्याने त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला, लूक २४ मध्ये आहे.

आणि माती म्हणाल तर हो, मातीच. आमच्याकडे जागा कमी, एकाच कबरीत घरातली माणसं पुन्हा पुन्हा. आईला ठेवायचं म्हणून बाबांची कबर उघडली, मी तिथे होते, सगळ्यांनी नको म्हटलं तरी थांबले. खणणाऱ्या दादांनी हाडं एकेक हाताने उचलून काढली, माती झटकली, पांढऱ्या कापडावर मांडली. मांडीचं हाड, बरगड्या, आणि हाताच्या जागी रोजरीचे मणी, दोरा कुजून गेलेला आणि मणी तसेच. दादा मणी वेचून हाडांसोबत ठेवत होते, एकही सोडला नाही. मग ती गाठोडी आईच्या पायाशी ठेवली. कुणी म्हणालं नाही की आता काय उपयोग. ह्या हाडांचं देवाला अजून काम आहे असा आमचा विश्वास आहे, म्हणून.

सरळ_प्रश्न
हे वाचून थांबलो जरा. पण मग जाळलेल्यांचं काय, समुद्रात गेलेल्यांचं काय?

जुनी_वही
हा प्रश्न ख्रिस्ती लोकांना पहिल्या दोनशे वर्षांतच विचारला गेलाय, आणि फार क्रूरपणे. इसवी सन १७७ मध्ये आत्ताच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरात ख्रिस्ती लोकांना ठार मारलं आणि नंतर प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, कशाला तर ह्यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये म्हणून. बाकीचे ख्रिस्ती तरी पुनरुत्थानच मानत राहिले. प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात लिहिलंय की पेरतोस तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच. दाण्याचा कण अन् कण शोधून रोप होत नाही, पण रोप त्याच दाण्याचं असतं. कॅथलिकांना दहनाची परवानगी १९६३ पासून आहे, फक्त राख उधळायची नाही आणि घरात ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची, हे रोमने २०१६ ला पुन्हा स्पष्ट केलं.

आता बावखलताईंचा मूळ मुद्दा. मी गोव्याचा, धर्मशिक्षण शिकवण्यात आयुष्य गेलं. लिम्बो हा चर्चचा सिद्धांत कधीच नव्हता, बांधलेला तर्क होता, आणि तो कुठून आला हे कळलं की आजींवर राग धरवत नाही.

चौथ्या-पाचव्या शतकात पेलागियस नावाचा साधुवृत्तीचा माणूस म्हणत होता की माणसाने मनात आणलं तर तो स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो. त्याच काळातल्या संत ऑगस्टीनला हे पटणं शक्य नव्हतं, त्याने स्वतःच्या आत बघितलं होतं, चांगलं करायचं कळतं आणि हातून होत नाही हा त्याचा अनुभव. तिथवर तो बरोबरच होता असं मला वाटतं. पण त्याने पुढे असा हिशोब मांडला की आदामाचं पाप आणि त्या पापाचा दोष दोन्ही वंशपरंपरेने येतात, मग बाप्तिस्मा न झालेल्या बाळालाही शिक्षा, फक्त सगळ्यांत सौम्य. ह्याला एका भाषांतराचाही आधार होता. रोमकरांस पत्र ५:१२ ग्रीकमध्ये साधारण 'कारण सर्वांनी पाप केले' असं वाचलं जातं, ऑगस्टीनसमोरच्या लॅटिनमध्ये 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले' असं झालं होतं, म्हणजे जणू आपण सगळे आदामाच्या पोटात बसून पाप करत होतो. मध्ययुगातल्या पंडितांना बाळाला शिक्षा हे सहन होईना म्हणून त्यांनी वाट काढली की बाळं नरकात नाहीत, लिम्बोत आहेत, सुखात, पण देवदर्शनाविना. त्या काळात ही दया होती, आज ऐकताना तसं वाटत नाही हे खरं.

आणि जे आम्हा शिकवणाऱ्यांनीच नीट सांगितलं नाही ते आता सांगतो. १९९२ ची कॅथलिक धर्मशिक्षणाची पोथी स्पष्ट म्हणते की मूळ पापाला 'पाप' हा शब्द फक्त उपमेने वापरला जातो, ते आपल्या वाट्याला आलेलं असतं, आपण केलेलं नसतं. दुखावलेला, घायाळ झालेला स्वभाव, पूर्ण नासलेला नव्हे. मी पोरांना असं सांगायचो, वडिलांनी घर गहाण टाकलं तर मुलगा कर्जात जन्मतो, पण तो चोर नसतो.

औंधकर
मी ॲडव्हेंटिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) घरात वाढलो, पुण्यात, त्यामुळे थोडं वेगळं. आमच्याकडे मेलेला माणूस झोपलेला असतो, त्याला काही जाणवत नाही, ना स्वर्ग ना नरक ना लिम्बो, प्रभू येईल तेव्हा हाक मारेल आणि जाग येईल. मधला काळ त्याला कळणारच नाही, डोळा लागला आणि उघडला एवढंच. येशूसुद्धा लाजराबद्दल म्हणतो की आपला मित्र झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. आणि कायमचा जळत राहणारा नरक आम्ही मानत नाही, दुष्टाचा शेवट म्हणजे नाश, संपणं, छळ नव्हे.

लोक लगेच वधस्तंभावरच्या चोराचं उदाहरण देतात, 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील'. पण मूळ ग्रीक हस्तलिखितांत स्वल्पविराम नव्हते. 'मी तुला आज खचित सांगतो, तू माझ्याबरोबर असशील' असंही वाचता येतं. एका स्वल्पविरामावर केवढा फरक.

ताई, तुमच्या भावाबद्दल मला माझ्या आईने जे शिकवलं तेच सांगतो, तो पाळण्यात झोपलाय तसाच झोपलाय, आणि आईंचाही आता डोळा लागलाय. दोघांना एकाच हाकेने जाग येणार.

नगरकर
औंधकर, स्वल्पविरामाचं मला पटत नाही. येशू 'मी तुम्हाला खचित सांगतो' हे इतक्या वेळा म्हणतो, त्यात 'आज' कधी जोडत नाही, मग इथेच का? आणि पौल म्हणतो की मला इथून सुटून ख्रिस्ताजवळ जाऊन राहायची इच्छा आहे, झोपायला जायची इच्छा आहे असं म्हणत नाही. पण शेवटी पुनरुत्थान हीच खरी आशा हे आपल्या तिघांचंही एक आहे, मधल्या वेळेबद्दल भांडण नको. आमच्या दफनभूमीतल्या जुन्या दगडांवर 'प्रभूमध्ये निद्रिस्त'च लिहिलेलं आहे.

निवृत्त_सिस्टर
मी नर्स होते, ३४ वर्षं, त्यातली बरीच बाळंतपणाच्या वॉर्डात. आम्हाला शिकताना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की बाळ वाचणार नाही असं दिसलं आणि आईबाप ख्रिस्ती असतील तर फादरची वाट बघू नका. डोक्यावर तीनदा पाणी घालायचं आणि 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते' म्हणायचं. कुणीही करू शकतं, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, मनात चर्चला अभिप्रेत आहे तेच करायचा हेतू असला की झालं. आमच्याबरोबर एक मावशी होत्या, कपाळाला कुंकू, मंगळवार करायच्या, त्यांनी रात्रपाळीला एकदा एका सातव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाला असं पाणी घातलं होतं, मी दुसऱ्या बाईकडे अडकले होते. निर्जंतुक पाण्याची बाटली होती, सलाईनच्या कपाटातली. नंतर त्या बाळाच्या आईने त्यांचे हात धरले ते सोडेना.

मला माहितीये हे वाचून बावखलला वाईट वाटेल, की मग सुईणीने पण केलं असतं, बाबांनी केलं असतं. म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. पण बाळा, त्या रात्री त्या घरात जे होते ते बाळाला ऊब द्यायच्या मागे असतील. मी अशी घरं पाहिलीयेत. चार तास त्याला कुणीतरी छातीशी धरलं असेल, तू मावशीला विचार.

बावखल
सिस्टर, विचारलं. बाबांनी धरलं होतं. आई शुद्धीत नव्हती. बाबा चुलीसमोर बसून शर्टाच्या आत त्याला घेऊन बसले होते, मावशी म्हणते ते सारखं एकच म्हणत होते, हे येशू, हे येशू. त्यांना पुढचं काही सुचत नव्हतं.

मला आता थोडा वेळ द्या, नंतर लिहीन.

तुळशीकट्टा
ताई, तुम्ही सावकाश लिहा. तोवर एक विचारते, कुणीही सांगा. माझी लहानपणची मैत्रीण ख्रिश्चन, तिच्या आजी मला फार जीव लावायच्या आणि एकदा रडत म्हणाल्या होत्या की तू आमच्याबरोबर स्वर्गात नसशील ह्याचं मला दुःख होतं. मी तेव्हा १२ वर्षांची. राग नाही आला, पण ते वाक्य राहिलं. म्हणजे आम्ही बाकीचे सगळे नरकात?

जुनी_वही
नाही. निदान माझं चर्च तसं शिकवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, चर्चविषयीचा जो मुख्य दस्तऐवज आहे, १९६४ चा, त्यात परिच्छेद १६ मध्ये लिहिलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला स्मरून वागतात त्यांनाही तारण मिळू शकतं. आणि मत्तय २५ मध्ये शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा काय विचारतो? भुकेल्याला खायला दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, आजाऱ्याला बघायला गेलास का. तुझा धर्म कुठला हे तो विचारत नाही. आणि ज्यांनी केलं ते चकितच होतात, प्रभू, आम्ही हे तुला कधी केलं?

नरक आहे, हे मी पुसट करणार नाही. येशूने गेहेन्ना हा शब्द वापरला, यरुशलेमच्या बाहेरची हिन्नोमची दरी, जिथे कधीकाळी मुलांचे बळी दिले होते, म्हणून शापित. पण चर्च नरकाची व्याख्या करतं ती 'स्वतःहून स्वतःला देवापासून तोडून घेणं' अशी. दार आतून लावलेलं आहे. अमुक माणूस तिथे आहे असं चर्चने आजवर कुणाच्याही नावाने जाहीर केलेलं नाही, संत मात्र शेकड्याने जाहीर केलेत.

तुमच्या मैत्रिणीच्या आजी रडल्या ना? त्यांना तुम्ही हव्या होत्या. देवाला त्यांच्याहून कमी माया असेल असं मला तरी मानवत नाही.

नगरकर
इथे आमच्या मंडळीत बरेच जण तुमच्याशी सहमत होणार नाहीत वहीकाका. ख्रिस्ताशिवाय तारण नाही हे आम्ही ठामपणे धरतो. पण मत्तय २५ पुढे मीही गप्प बसतो.

पैलतीर
मेलबर्नहून. बायको ग्रीक, ऑर्थोडॉक्स म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या चर्चची, त्यामुळे गेली १५ वर्षं तिसराच सूर ऐकतोय. तिच्या चर्चच्या लोकांना ऑगस्टीनचा हिशोब कधी लागूच झाला नाही, ते लॅटिन वाचत नव्हते. त्यांच्याकडे आदामाकडून आपल्याला दोष येत नाही, मरण येतं. आणि मरणाच्या भीतीपोटी माणूस पाप करतो, ओरबाडतो, साठवतो. म्हणजे पापी म्हणून मरतो याच्यापेक्षा मरणारा म्हणून पाप करतो असं काहीतरी. मला हे फार खरं वाटतं. लिम्बोही नाही, पर्गेटरीचा (स्वर्गाआधी आत्मे शुद्ध होतात ते शुद्धिस्थान) सिद्धांतही नाही, पण मेलेल्यांसाठी प्रार्थना मात्र भरपूर.

त्यांच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाचं जे चित्र असतं त्यात येशू कबरीतून उडी मारून बाहेर येत नाही. तो खाली पाताळात उतरलेला असतो, पायाखाली मोडलेली दारं, कड्या-कुलपं विखुरलेली, आणि दोन्ही हातांनी आदाम आणि हव्वेला त्यांच्या थडग्यातून वर ओढतोय. सासऱ्यांनी मला दाखवलं, नीट बघ, हात कुठे धरलाय. मनगटाला. हातात हात नाही. मेलेल्याला पकडता येत नाही ना, म्हणून धरणाराच सगळा जोर लावतो.

सासरे गेले तेव्हा चाळिसाव्या दिवशी सासूबाईंनी कोलिवा केला. अख्खे गहू शिजवून रात्रभर कापडावर पसरून कोरडे करायचे, मग त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, मनुका, वर पिठीसाखरेचा जाड थर थापून गुळगुळीत करायचा आणि बदामांनी क्रॉस काढायचा. चर्चमध्ये प्रार्थना झाली की वाटून खायचा. गहू कशाला तर योहान १२, गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो. आपल्याकडची गव्हाची खीर आठवली मला. सासूबाई पहिला चमचा देताना म्हणाल्या, खा, तो काही संपला नाहीये.

बावखल
मनगट. हे मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. चार तासांच्या बाळाला काय येतं, नीट मूठसुद्धा धरता येत नाही. त्याच्या बाजूने काहीच करायचं राहिलेलं नाही, सगळं धरणाऱ्याकडे.

आणि माणूस जन्मतःच पापी का, त्यावर मला आता सहकाऱ्याला काय सांगायचं ते कळलंय. आमचा धर्म माणसाबद्दल पहिलं वाक्य बोलतो ते पापाचं नाहीये. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचा करतो आणि सगळं बघून फार चांगलं म्हणतो. पाप तिसऱ्या अध्यायात येतं. आम्ही सगळे, आमचे शिकवणारे, प्रवचन देणारे, कित्येकदा तिसऱ्या अध्यायापासून सुरुवात करतो आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं इथे बाळालासुद्धा गुन्हेगार म्हणतात. घाव खरा आहे, तो मी माझ्यात रोज बघते, कुणाशी तोडून बोलायचं नाही ठरवून बोलतेच. राखेच्या बुधवारी आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर लावून घेताना ऐकतो ना, तू माती आहेस. पण घाव आधी कुणाच्या तरी चांगल्या अंगावर व्हावा लागतो.

@नगरकर, एक सांगा, तुम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करतच नाही का? मला ते जमणार नाही हो.

नगरकर
नाही करत. देवाचे आभार मानतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं गातो, घरच्यांसाठी प्रार्थना करतो. आमच्या प्रॉटेस्टंट चळवळीची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरने १५१७ ला जे मांडलं ते याच जागेवरून सुरू झालं ना, शुद्धिस्थानातून आत्मे सोडवायला पैसे घेऊन क्षमापत्रं विकली जात होती, गरीब बाया मेलेल्या लेकरांसाठी विकत घ्यायच्या. त्या रागाचे आम्ही वारस आहोत. आणि मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा उल्लेख ज्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे ते आमच्या बायबलमध्ये नाही. पण खरं सांगू का, आई गेल्यानंतर पहिल्या रात्री सवयीने 'आईला सांभाळ' असं माझ्या तोंडून गेलं. परत घेतलं नाही.

जुनी_वही
तो राग रास्तच होता. शुद्धिस्थान म्हणजे मेलेल्यांचा तुरुंग आणि मिस्सा म्हणजे जामिनाची रक्कम, असं जे झालं होतं ते चुकीचंच. पोप सोळाव्या बेनेडिक्टने २००७ च्या परिपत्रात लिहिलंय की ती आग म्हणजे ख्रिस्ताची नजरच असावी असं काही अलीकडचे धर्मपंडित मानतात, ती जाळते आणि बरं करते, आणि त्या वेळेची लांबी आपल्या घड्याळाने मोजता येत नाही. मला ते समजतं. आपल्यावर फार माया असलेल्या माणसासमोर चूक कबूल करताना कसं होतं, तसं.

त्याच २००७ मध्ये रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांवर मोठा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ती तरतात अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात आहे. खात्री म्हटलेलं नाही, आशा म्हटलंय, चर्च असंच सांभाळून बोलतं. आणि ताई, तुम्हाला कामाचं म्हणजे १९८३ च्या चर्चच्या कायद्यात, कलम ११८३, आईबापांची स्नानसंस्काराची इच्छा होती पण बाळ आधीच गेलं तर बिशपच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी करता येतो. तुमच्या फादरना भेटा. ५६ वर्षांनी का होईना.

बावखल
३ नोव्हेंबर. सांगायला आलेय.

भेटले फादरना. तरुण आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली, त्यांनी तारीख वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मी चर्चच्या वतीने तुमची माफी मागतो. मी काही तेवढ्यासाठी गेले नव्हते. पण रडले.

काल मिस्सा झाल्यावर ते रांगांमधून पाणी शिंपडत नेहमीसारखे आले, आमच्या कबरीपाशी थांबले, आणि मग सरळ मागे गडग्याकडे चालत गेले. मावशीला आम्ही खुर्चीतून नेलं होतं. तिने बोट दाखवलं तिथे आता करंजाचं झाड आहे. मला वाटलं होतं आमच्या घरचे सहा-सात जण असू. वळून बघितलं तर मागून बायका येत होत्या, म्हाताऱ्या, हातात एकेक मेणबत्ती. माझ्या शेजारच्या वाडीतली एक, जिला मी जन्मापासून ओळखते, माझ्या कानात म्हणाली, माझी मुलगी पण इथेच आहे. आणखी एक म्हणाली, माझ्या सासूचे दोन.

फादरनी विधी केला, साधा, दहा मिनिटांचा. नाव काय घ्यायचं विचारलं. मावशी म्हणाली बाबांना मुलगा झाला तर दोमिंगो ठेवायचं होतं, आजोबांचं. फादरनी ते नाव घेतलं. मग त्या बायकांकडे वळून म्हणाले, तुमची पण सांगा. कुणी सांगितली, कुणाला आठवेना, एकीने तिथल्या तिथे ठेवलं.

गडग्यावर अकरा मेणबत्त्या झाल्या. वारा होता, आम्ही हाताचे आडोसे करून उभ्या होतो.